फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्यासाठी पहिला ड्रॉइंग टॅब्लेट कोणता घ्यावा? (कोल्हापूर, बजेट 5000)

लक्ष्मीपुरीची_रेघ

नमस्कार मंडळी. मी लक्ष्मीपुरीत एका फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात डिझायनर आहे. कोरलड्रॉ, फोटोशॉप, सगळं काम माउसवर चालतं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. हाताला सवय अजून आहे, पण ती फक्त कागदावर.

गणपती जवळ आले की तालीम मंडळांच्या बोर्डांची आमच्याकडे रांग लागते. प्रत्येकाला बोर्डावर गणपती हवा असतो आणि आम्ही नेटवरून तेच ते चित्र उचलतो. एकाच चौकात समोरासमोरच्या दोन मंडळांच्या बोर्डांवर एकच मूर्ती बघितली की मला फार वाईट वाटतं. ज्यानं कुणी ते काढलंय त्याला विचारलेलंही नसतं. यंदा मला स्वतः काढलेला गणपती लावायचाय.

आत्ता मी पेन्सिलनं काढून, मोबाईलवर फोटो मारून कोरलमध्ये ट्रेस करते. पण माउसनं नोड (रेघेवरचे बिंदू) ओढत बसलं की सोंडेचं वळण मरतं. कागदावर रेघ जाड सुरू होऊन बारीक होत जाते, कोरलमध्ये ती सगळीकडे सारखी, तारेसारखी दिसते.

म्हणून ड्रॉइंग टॅब्लेट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेनानं काढायची बिनस्क्रीनची पाटी, घ्यायचा विचार आहे. बजेट 5000, ओढूनताणून 6000. दुकानात 24 इंची मॉनिटर आहे, घरी 15.6 इंची लॅपटॉप, 8 जीबी रॅम. खोक्यांवर कुठे 2048 लेव्हल, कुठे 8192 लेव्हल लिहिलेलं असतं आणि किमती जवळपास सारख्याच. यात काय बघायचं? आणि खाली न बघता स्क्रीनकडे बघत चित्र काढायला खरंच जमतं का?

---

पिक्सेल_पैलवान

ताई, वन बाय वॅकॉम घ्या, स्मॉल. मॉडेल नंबर सीटीएल-472. बजेटमध्ये बसतंय, लई टिकतंय. माझ्याकडं तेच हाय. अॅनिमेशनचा कोर्स त्याच्यावर पुरा केला, आता कामं बी त्याच्यावरच. पेनाला चार्जिंग नको, सेल नको. बटणं नाहीत त्याला, पण कीबोर्ड हाताशी असतोयच की.

---

डावखुरा_चितारी

वॅकॉम चांगलाच आहे, वाद नाही. पण त्याच पैशात हुइऑन एच640पी सुद्धा बघा. त्याला सहा बटणं आहेत. अनडू, ब्रश लहान-मोठा करणं, कॅनव्हास सरकवणं, हे सगळं एका हाताखाली येतं. पेन त्याचंही बिनबॅटरीचं. चित्र काढायची जागा वॅकॉम स्मॉलची 152 बाय 95 मिलिमीटर, याची 160 बाय 99, म्हणजे फरक नखाएवढा.

कुणी डावखुरं वाचत असेल तर: ड्रायव्हरमध्ये (टॅब्लेट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टॅब्लेट 180 अंशांत फिरवायची सोय या सगळ्या कंपन्या देतात. बटणं उजवीकडे येतात, काही अडत नाही.

---

चित्रकलेचे_सर

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गेली काही वर्षं टॅब्लेटवरही काढतो. लेव्हलच्या आकड्याबद्दल आधी सांगतो, कारण दुकानात तोच आकडा पुढे करून माल विकला जातो.

लेव्हल म्हणजे पेन किती जोरानं दाबलं हे ओळखायच्या पायऱ्या. आता हिशेब करा. तुमचा ब्रश 30 पिक्सेल जाडीचा आहे. दाब कमी-जास्त केल्यावर रेघ 1 पिक्सेलपासून 30 पिक्सेलपर्यंत जाणार. डोळ्याला दिसणाऱ्या जाडीच्या पायऱ्या तीसेकच झाल्या. दाबानुसार रंग फिका-गडद करायचा म्हटलं तरी नेहमीच्या 8 बिटच्या फाईलमध्ये एका रंगाच्या 256 छटा. मग 2048 पायऱ्यासुद्धा गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाल्या. 8192 असल्यानं नुकसान काही नाही, पण त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

दाबाच्या बाबतीत खरं बघायचं ते सुरुवातीला. पेन अगदी अलगद टेकवलं तर रेघ उमटते का, की जरा दाबल्यावरच उमटते? सोंडेचं टोक निमुळतं करताना हात उचलत न्यायचा असतो, तिथे पेननं मध्येच साथ सोडली तर रेघ तुटल्यासारखी दिसते. दुकानात हातात मिळालं तर हेच करून बघा. दुसरं, एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. ती नागमोडी येत असेल तर तो टॅब्लेट ठेवून द्या.

आता आकार. याच्यावर मी जरा ठाम आहे. 15.6 इंची लॅपटॉपचा पडदा साधारण 34.5 सेंटिमीटर रुंद असतो, 24 इंची मॉनिटर 53 सेंटिमीटर. वॅकॉम स्मॉलची जागा 15.2 सेंटिमीटर. म्हणजे हात एक सेंटिमीटर हलला की घरी बाण सव्वादोन सेंटिमीटर पळणार आणि दुकानात साडेतीन. हाताचा बारीकसा थरकाप तेवढ्याच पटीनं मोठा होऊन दिसणार. शिवाय एवढ्याशा जागेत सगळं काम मनगटातून होतं. कोल्हापुरात बाबूराव पेंटर (1890–1954) नाटकांचे पडदे रंगवत. तसली मोठी रेघ मनगटातून निघत नाही, ती कोपरातून आणि खांद्यातून यावी लागते. तुम्हाला गणपतीची लांब, एका दमातली वळणं काढायची आहेत. म्हणून माझं मत 10 बाय 6 इंचाच्या आसपासच्या टॅब्लेटला. एक्सपी-पेन डेको 01 व्ही2 किंवा हुइऑन एच1060पी. तुमच्या वरच्या मर्यादेपर्यंत जावं लागेल, जमल्यास जा.

---

पिक्सेल_पैलवान

सर, मान्य. पण दुकानातलं टेबल बघा की. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, बिलाचं पुस्तक, टेप, नमुन्यांची फाईल, चहाचा ग्लास. त्यात 10 इंची ठेवणार कुठं? मांडीवर घेऊन काम केलं तर मान जाते. आणि स्मॉलवर झूम करून काढलं तर बारीक काम बी होतंय, मी करतोय रोज.

---

चित्रकलेचे_सर

हा मुद्दा बरोबर आहे. मग ताई, विकत घ्यायच्या आधी एक करा. डेको 01 व्ही2 बाहेरून मोजला तर 35 बाय 22 सेंटिमीटरच्या जवळपास, आडव्या ए4 कागदापेक्षा रुंदीला पाचेक सेंटिमीटर जास्त. तेवढा पुठ्ठा कापून टेबलावर ठेवा आणि एक पूर्ण दिवस तसंच काम करा. कीबोर्ड कुठे सरकतो, कोपर हवेत राहतं का, कळेल. पुठ्ठा मॉनिटरच्या बरोबर समोर, सरळ राहिला पाहिजे. टॅब्लेट बाजूला किंवा तिरका ठेवला की सरळ ओढलेली रेघही तिरकी येते आणि माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो.

---

गंगावेशकर

मी वेगळं सांगतो. स्क्रीन नसलेला टॅब्लेट घेऊन हात आणि डोळा यांची फारकत कशाला करायची? सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस6 लाइटसारखा एस पेनवाला (स्क्रीनवरच पेनानं काढायचा) टॅब घ्या. पेन खोक्यातच येतं. रंकाळ्यावर बसून काढा, घाटावर बसून काढा, वीज गेली तरी चालू. बजेट वाढेल, पण वस्तू एकदाच घ्यायची.

---

डावखुरा_चितारी

@गंगावेशकर, तुमचं म्हणणं ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही त्याला लागू. एस पेन आणि वॅकॉमचं पेन आतून एकाच तत्त्वावर चालतात. पाटीतून विद्युतचुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातली छोटी कॉइल त्याला प्रतिसाद देते, म्हणून बॅटरी लागत नाही. पेन चांगलंच आहे. पण ताईंच्या बजेटच्या कितीतरी वर जातोय तो टॅब, आणि त्यांचं काम शेवटी कोरलमध्येच जाणार. फाईल इकडून तिकडे करण्यात वेळ जातो. स्क्रीनवाला पेन डिस्प्लेही आत्ता नको. दुपटी-तिपटीनं महाग, आणि बऱ्याच मॉडेलना कॉम्प्युटरला एचडीएमआय वेगळं आणि यूएसबी वेगळं जोडावं लागतं.

स्क्रीनकडे बघून जमतं का, या प्रश्नाचं उत्तर: जमतं. माउस वापरताना तरी आपण हाताकडे कुठे बघतो? टॅब्लेट आला की माउस काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. फोल्डर उघडणं, फाँट निवडणं, बिल करणं, सगळं पेनानं. चित्र काढायला बसल्यावरच पेन हातात घेतलं तर सवय व्हायला फार वेळ लागतो.

---

आईची_वही

मध्येच विचारते, माफ करा. आमच्याकडे लॅपटॉप नाही. मुलगी नववीत आहे, माझ्या अँड्रॉइड फोनवर आयबिस पेंट या चित्रं काढायच्या अॅपमध्ये बोटानं काढते आणि फार सुंदर काढते. बाजारात शंभर-दीडशेला रबरी टोकाचं पेन मिळतं, ते घेऊन देऊ का?

---

डावखुरा_चितारी

ताई, त्या रबरी पेनाला दाब कळत नाही. फोनला ते बोटच वाटतं. बोट स्क्रीनवर घासायचं वाचेल, एवढाच फायदा.

टॅब्लेट फोनलाही जोडता येतो, ओटीजी अडॅप्टर (फोनला यूएसबी केबल जोडायचा तुकडा) लावून. पण ज्याच्या माहितीत अँड्रॉइड सपोर्ट स्पष्ट लिहिलाय तोच घ्या. वन बाय वॅकॉम विंडोज, मॅक आणि क्रोमबुकसाठी आहे, फोनसाठी तो घेऊ नका. आणि फोन उभा धरला की पाटीचा छोटा भागच वापरात येतो, त्यामुळे फोन आडवा ठेवून काढावं लागतं. घ्यायच्या आधी दुकानदाराला मुलीच्याच फोनला जोडून दाखवायला सांगा.

---

चित्रकलेचे_सर

@आईची_वही, मुलीला ग्रेड परीक्षेला बसवलंय का? नसेल तर बसवा. आणि फोनवर काढते म्हणून वही बंद करू नका, दोन्ही चालू द्या.

---

पेठेतला_पेंटर

जुना टॅब्लेट घेतला तर? एक मित्र देतोय, अर्ध्या किमतीत.

---

पिक्सेल_पैलवान

घे भावा, पण बघून घे. पहिलं पेन बघ. काही जुन्या मॉडेलांचं पेन चार्जिंगवालं नाहीतर सेलवालं असतंय. चार्जिंगवाल्यातली बॅटरी मेली की पेन गेलं, आणि त्या मॉडेलचं नवं पेन मिळंलच असं नाही. मग पाटी नुसती पडून ऱ्हाते.

दुसरं, केबल लावायचं भोक. मायक्रो यूएसबी असंल तर केबल लावून हळू हलवून बघ, कनेक्शन तुटतंय का. माझ्या पहिल्या टॅब्लेटचं हेच झालं, कंपनीचं नाव घेत नाही. चित्र काढताना मधीच बंद पडायचा, दुरुस्तीला दिला तर महिनाभर तिकडंच. तिसरं, पाठीमागचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर तुझ्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतोय का आधी बघ. ओरखड्यांचं काय एवढं नाही, त्यानं पेन बंद पडत नाही. फक्त टोक अडकण्याएवढा खड्डा नको.

---

लक्ष्मीपुरीची_रेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग केला. कीबोर्ड मॉनिटरच्या स्टँडखाली सरकवला आणि बिलाचं पुस्तक मालकांच्या टेबलावर गेलं. जागा झाली! डेको 01 व्ही2 घेतला. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं मागवून दिला, बिलासकट. बजेटच्या थोडा वर गेला, पण पश्चात्ताप नाही.

आता अडचणी. घरी लॅपटॉपवर क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकलंय. पहिली गोष्ट, मी गोल काढते आणि तो आडवा, अंड्यासारखा येतो. पाटीवर वाटी ठेवून कडेनं पेन फिरवलं तरी अंडंच. दुसरी गोष्ट, पेन एका जागी जरा थांबलं की भोवती एक कडं उमटतं आणि रेघ सुरूच होत नाही. तिसरी, क्रितामध्ये रेघ जाड-बारीक होत नाही.

---

डावखुरा_चितारी

तिन्ही गोष्टी सेटिंगच्या आहेत, टॅब्लेट उत्तम आहे.

अंडं का येतं: पाटीचं प्रमाण 16:10, स्क्रीनचं 16:9. पूर्ण पाटी पूर्ण स्क्रीनवर ताणली जाते, म्हणून गोल 11 टक्के आडवा फुगतो. ड्रायव्हरमध्ये वर्क एरियाच्या ठिकाणी स्क्रीनचं प्रमाण निवडा. पाटीची दीडेक सेंटिमीटर उंची वाया जाईल, जाऊ द्या. वॅकॉमवाल्यांना हेच फोर्स प्रपोर्शन्स नावानं मिळेल. वाटी ठेवून बघायची तुमची युक्ती मस्त आहे, सेटिंग बदलल्यावर तिनंच खात्री करा.

कडं येतं ते विंडोजचं. पेन दाबून धरलं की राइट क्लिक, अशी सोय असते. कंट्रोल पॅनलमध्ये पेन अँड टचमध्ये जाऊन प्रेस अँड होल्ड बंद करा.

दाबासाठी क्रिताच्या कॉन्फिगरमध्ये टॅब्लेट सेटिंग्ज उघडा. तिथे पेनाचा दाब घ्यायचे विनटॅब आणि विंडोज पॉइंटर असे दोन पर्याय आहेत. एकावर चालत नसेल तर दुसरा निवडून क्रिता बंद करून उघडा. तिथेच टॅब्लेट टेस्टर आहे, त्यात दाबाचे आकडे हलताना दिसले पाहिजेत. आणि ब्रश दाबाला दाद देणाराच निवडा, सगळे देत नाहीत. आधी दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाकला असेल तर तो काढून टाका, दोन ड्रायव्हर एकमेकांच्या पायात येतात.

---

लक्ष्मीपुरीची_रेघ

झालं!! गोल गोलच आला. आणि रेघ... काय सांगू. कानाची कड ओढली, सुरुवातीला जाड आणि पाळीपाशी येता येता केसाएवढी बारीक. कागदावर यायची तशीच.

फक्त पाटी फार गुळगुळीत लागते. पेन घसरतं.

---

चित्रकलेचे_सर

वा, ताई! पाटीवर साधा पातळ कागद चिकटपट्टीनं बसवा. पेन कागदातूनही चालतं. हाताला कागदाची ती ओळखीची पकड मिळते. पेनाची निब लवकर झिजते, हे मात्र आहे. निबचं टोक तिरपं, धारदार झालं की लगेच बदला, नाहीतर पाटीवर ओरखडे उठतात.

पेन कागदातून चालतं म्हणूनच आणखी एक करता येईल. पेन्सिलनं काढलेलं कच्चं चित्र पाटीवर चिकटवा आणि त्यावरूनच पेन फिरवा. मोबाईलनं फोटो मारायची गरज नाही, आणि फोटोत कडा वाकतात तेही टळतं. कागद हलू देऊ नका एवढंच.

हात कापत असेल तर क्रितामध्ये स्टॅबिलायझर आहे, रेघ सावरून घेतो. थोडा लावा. फार लावलात तर सगळ्या रेघा एकाच माणसाच्या न वाटता मशीनच्या वाटायला लागतील, आणि तुम्हाला तर तेच नको होतं.

---

लक्ष्मीपुरीची_रेघ

सर, कागद लावला, फार फरक पडला. आता दुकानातले दोन प्रश्न. कोरलमध्ये दाब कसा आणायचा? आणि 10 बाय 8 फुटी बोर्डासाठी क्रितामध्ये फाईल किती मोठी घेऊ? काल 72 डीपीआयला (इंचाला 72 पिक्सेल) पूर्ण साइझ घेतली तर लॅपटॉप अडकूनच बसला.

---

पिक्सेल_पैलवान

ताई, कोरलमध्ये आर्टिस्टिक मीडिया टूल घ्या, त्यात प्रेशर मोड हाय (नव्या कोरलात त्याचं नाव एक्स्प्रेशन). रेघ थेट व्हेक्टरमध्ये जाड-बारीक येत्या. फोटोशॉपमध्ये ब्रशच्या शेप डायनॅमिक्समध्ये कंट्रोलला पेन प्रेशर लावा. नवं सीसी असंल तर ड्रायव्हरमध्ये विंडोज इंक (विंडोजची पेनाची सोय) चालू लागतंय, जुनं सीएस6 असंल तर बंद करून बघा.

फाईलचं असं हाय. 10 बाय 8 फूट, 72 डीपीआय म्हंजे 8640 बाय 6912 पिक्सेल. एक लेयर (चित्राचा एक थर) जवळजवळ 240 एमबी. दहा लेयर केले की 8 जीबीत विंडोज, ब्राउझर आणि क्रिता मिळून गुदमरणारच. अख्खा बोर्ड क्रितात करूच नका. नुसता गणपती काढा, 4000 बाय 4000 पिक्सेल, लेयरला 64 एमबी. तो बोर्डावर 5 फुटांचा लावला तरी इंचाला 66 पिक्सेल पडत्यात, रस्त्यावरनं बघायला भरपूर. नावं, फोटो, पट्ट्या सगळं कोरलमध्येच. नुसत्या रेघांचं चित्र असंल तर कोरलच्या पॉवरट्रेसमधनं व्हेक्टर करा, मग कितीबी मोठं करा.

---

डावखुरा_चितारी

रंगांचं एक राहिलं. स्क्रीनवरचा झगझगीत शेंदरी फ्लेक्सवर तसा येत नाही, मळतो. हे तुम्हाला दुकानात रोज दिसत असेलच. क्रितामध्ये व्ह्यू मेनूत सॉफ्ट प्रूफिंग आहे. ते चालू ठेवून रंग भरा, म्हणजे छापल्यावर काय येणार याचा अंदाज आधीच येतो. तुमच्या मशीनचं कलर प्रोफाइल (मशीन रंग कसे छापतं याची फाईल) मिळालं तर तेच लावा.

---

लक्ष्मीपुरीची_रेघ

आजच मालकांकडून प्रोफाइलची फाईल घेते. एका मंडळानं होकार दिलाय, त्यांच्या आगमनाच्या बोर्डावर माझा गणपती लागणार. कच्चं चित्र झालंय, उजवा हात आणि मोदक अजून मनासारखे बसत नाहीत. रविवारी इथे टाकते. सर, तुम्ही बघून स्पष्ट सांगा.

---

चित्रकलेचे_सर

टाका. शक्य असेल तर रेघांचा लेयर वेगळा टाका, रंगाशिवाय. हात बसत नसेल तर चूक बहुतेक मनगटाच्या वळणात असते, ती रंगाखाली झाकली जाते. तोपर्यंत स्वतःचा हात आरशात धरून त्याची चार-पाच चित्रं काढून ठेवा.